पटाचा बैल आणि शेताचा बैल

स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ हे सुमारे १८०० मीटर उंचीवरील गाव हिवाळी क्रीडांसाठी जगप्रसिद्ध आहे. कडाक्याच्या थंडीत तेथील सरोवर गोठते आणि फेब्रुवारी महिन्यात त्या गोठलेल्या पाण्यावर घोड्यांच्या शर्यती भरतात. सन १९०७ पासून चालत आलेल्या या शर्यतींतील एक प्रकार तर मोठा विलक्षण आहे. त्यात घोड्याच्या पाठीवर स्वार नसतो. पायांत स्की बांधलेला मनुष्य लांब लगाम धरून मागे उभा राहतो आणि उधळलेला घोडा त्याला बर्फावरून ओढीत नेतो. १९२८ साली याच गावी हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा या प्रकाराचे प्रात्यक्षिकही झाले होते. थंड हवेत सुट्टी घालविण्यासाठी आलेल्या धनिक पाहुण्यांची करमणूक हा या खेळाचा उगम होय.

हिवाळा, जनावर, वेग आणि मागे जीव मुठीत धरून उभा असलेला माणूस, एवढे सारे साहित्य आपल्याही मुलखात आहे. मात्र आपला खेळ रिकामटेकड्या पाहुण्यांनी काढलेला नाही. पीक घरात आल्यावर ज्याच्या हाताला चार दिवस विसावा मिळाला, त्या शेतकऱ्याने तो काढला. विदर्भात त्याला ‘शंकरपट’ किंवा नुसते ‘पट’ म्हणतात. गेल्या पंधरा वर्षांत या पटावर न्यायालयांत जेवढा खल झाला, तेवढा क्वचितच एखाद्या ग्रामीण खेळावर झाला असेल. पट बंद झाला, पुन्हा सुरू झाला, आज तो कायदेशीरही आहे. तथापि या साऱ्या वादात एक गोष्ट बाजूला पडली असे आम्हांस वाटते. पट ही मुळात शेतीच्या बैलाची परीक्षा होती. परीक्षा वाचली, पण परीक्षार्थी शेतातून निघून गेला. त्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इंदूरच्या वाचकाने विदर्भाच्या खेळाची चिंता का वाहावी, असा प्रश्न कोणी विचारील. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि विदर्भाचे आठही जिल्हे त्याच राज्यात होते, तर आपले इंदूर मध्य भारतात होते. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्याकडे गेला आणि मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात आला. त्या घडामोडीत नागपूर सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे भोपाळ, इंदूर, जबलपूरकडे आली. होळकरांबरोबर आलेली जुनी घराणी आणि ही नंतर आलेली मंडळी आज आपल्या सभांतून एकाच पंक्तीला बसतात. शिवाय राज्याची सीमारेषा नकाशावर ओढता आली तरी गावकीत ती उमटत नाही. सौंसर, पांढुर्णा, मुलताई, बालाघाट या भागांत नोकरीनिमित्त राहिलेल्या आमच्यासारख्यांना ठाऊक आहे, की तिकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी जी बैलांची भाषा आहे, ती वर्धा-नागपूरकडीलच आहे.

पटाचा हंगाम ठरतो तो पिकावरून. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात, कार्तिक-मार्गशीर्षात कापणी आटोपते. शेते मोकळी होतात, ओल सुटून जमीन टणक होते आणि बैलांनाही काम उरत नाही. मग एखाद्या सपाट रानात धावपट्टी आखली जाते. पश्चिमेस अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट विशेष नावाजलेला. माघापर्यंत गावोगाव अशी निमंत्रणे फिरत राहतात. बैल हा शंकराचे वाहन, म्हणून शंकरपट, अशी या नावाची उपपत्ती लोक सांगतात.

पटाची रीत पाहावयास सोपी, करावयास कठीण. जोडीला एक अतिशय हलकी छकडी जुंपतात. ओझे वाहण्याच्या गाडीशी तिचे नाते केवळ जू आणि चाके यांपुरतेच. तिच्यावर एकटा धुरकरी असतो. एका हातात कासरा आणि दोन्ही पायांनी छकडीला घट्ट धरलेले शरीर, एवढ्या आधारावर त्याला जोडी सरळ रेषेत न्यायची असते. निशाण पडल्यापासून काही सेकंदांत सारे संपते. पूर्वी डोळ्यांनी निकाल देत, पुढे हातातील घड्याळे आली आणि आता सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारी यंत्रे आहेत. एक बैल वेगवान असून भागत नाही. डावा व उजवा यांची पावले जुळली नाहीत तर छकडी वाकडी जाते आणि जोडी बाद होते. म्हणून चांगल्या धुरकऱ्याचे कौशल्य हाकण्यापेक्षा जोडी जमविण्यात अधिक असते. तळेगावच्या पटात अलीकडे स्त्रियाही छकडीवर उभ्या राहतात, हे मुद्दाम नोंदविण्यासारखे आहे.

पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या तालुक्यांची तऱ्हा वेगळी. तेथे धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात व एका धावेला ‘बारी’. गाड्याला चार बैल, धुरेला दोन आणि पुढे जुकाटाला दोन, आणि त्यांच्याही पुढे वाट दाखवीत धावणारी घोडी. ग्रामदैवताच्या यात्रेत नवस म्हणून बारी सोडण्याची चाल आहे. विदर्भाचा पट मात्र यात्रेपेक्षा सुगीशी अधिक बांधलेला. रीती भिन्न असल्या तरी दोन्हीकडे पणाला लागते ती घरच्या जनावराची अब्रू.

आता या जनावराविषयी थोडे. वर्धा, नागपूर आणि आपल्या राज्यातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या पट्ट्यात ‘गवळाऊ’ नावाची जात आढळते. पांढरीशुभ्र, मध्यम बांध्याची, लांबट तोंडाची आणि दुडक्या चालीस प्रसिद्ध. मराठ्यांच्या सैन्याला डोंगरी मुलखातून रसद झपाट्याने नेण्यासाठी असे चपळ बैल हवे होते आणि त्या गरजेतून ही जात घडली, असे पशुवैद्यकीय ग्रंथांत सांगितले जाते. सातारा, सांगली, सोलापूरकडची ‘खिल्लार’ अशीच काटक व वेगवान. याउलट आपल्या माळव्याचा ‘माळवी’ बैल जडकाम करणारा. काळ्या चिकण मातीत रुतलेली गाडी ओढून काढावी ती त्यानेच. नर्मदेच्या खोऱ्यातील तांबूस ‘निमाडी’ जात ही गीर व खिल्लार यांच्या संकरातून झाली असे मानतात. दक्षिणेतून आलेले रक्त माळव्या-निमाडाच्या मातीत मिसळून तिसरेच काही टिकाऊ निर्माण झाले, हा इतिहास आपल्या घराण्यांनाही अपरिचित नाही.

मराठ्यांच्या उत्तरेकडील स्वाऱ्यांची वर्णने आपण वाचतो ती घोडदळाची. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजल्याचा अभिमान रास्तच आहे. परंतु तोफा ओढल्या त्या बैलांनी, धान्य वाहिले ते बंजाऱ्यांच्या तांड्यांतील बैलांनी, आणि सैन्यामागून जी कुटुंबे, कारकून, भिक्षुक, कारागीर माळव्यात आले, त्यांच्या बाडबिस्तऱ्याचा भारही मुख्यतः बैलांनीच वाहिला. घोड्यांना बखरीत जागा मिळाली. बैलाच्या वाट्याला आला तो पोळ्याचा एक दिवस आणि हिवाळ्यातील पट.

पटाचे आर्थिक अंग या ठिकाणी लक्षात घ्यावयास हवे. ज्या गावात पट, त्या गावी दोन-तीन दिवसांत पंचक्रोशीतील उत्तम जोड्या एकत्र येत. कोणाचा गोऱ्हा कोणत्या वळूचा, कोणाच्या गाईला कसे वासरू होते, याचा बोभाटा तेथेच होई. पटात नाव झालेल्या बैलाचा भाव वाढे आणि त्याच्या भावंडांनाही गिऱ्हाईक मिळे. येथे एक बारकावा आहे. नांगराचा बैल सामान्यतः खच्ची केलेला असतो. तो स्वतः वंश वाढवीत नाही. तेव्हा ‘पटामुळे देशी वंश टिकतो’ या विधानाचा अर्थ इतकाच, की गोऱ्ह्याला चांगला भाव मिळण्याची आशा असल्यामुळे शेतकरी देशी गाय दावणीला ठेवतो व जातिवंत वळू जपतो. दूध थोडे असले तरी त्या गाईचे पोसणे त्याला परवडते. ही साखळी नांगरापासून सुरू होऊन पटापर्यंत जाई. पट हा तिचा शेवटचा दुवा होता, पहिला नव्हे.

या खेळाचे सामाजिक अंगही तितकेच महत्त्वाचे. भंडारा-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई आणि नाटके यांचा हंगाम सुरू होतो. ज्या गावी दिवसा पट, त्या गावी रात्री नाटक, अशी तेथील जुनी घडी आहे. पटासाठी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी ठरतात आणि रात्रभर मंडपात बसून गावच्या गाव नाटक पाहते. वडसा येथे अनेक नाटक मंडळ्यांची बिऱ्हाडे आहेत. इंदूरच्या मराठी समाजाला नाट्यवेडाचे कौतुक सांगावयास नको. आपल्याकडे नाटक तिकिटावर व सभासदांच्या वर्गणीवर चालले, झाडीपट्टीत ते मोठ्या अंशी पटाच्या गर्दीवर पोसले. पट थांबला तेव्हा नाटकाच्या मंडपातील गर्दीचे एक मोठे निमित्तही गेले, ही बाब शहरात बसून ध्यानात येत नाही.

तथापि पटाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शेपटी पिरगाळणे, दातांनी चावणे, टोकाला खिळा लावलेल्या तुतारीने टोचणे, क्वचित मद्य पाजणे किंवा विजेचा झटका देणे, असे प्रकार शर्यतींतून घडत आले. बक्षिसाची रक्कम वाढली तसे ते वाढले. जो शेतकरी पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतो, त्याच्याच गावात बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्ताचे ओघळ दिसावेत, हे लाजिरवाणे होते. प्राणिमित्रांनी आवाज उठविला तो अकारण नव्हे.

त्यातून कायद्याचा प्रवास सुरू झाला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा. त्यातील २२ व्या कलमान्वये कोणत्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत, हे केंद्र शासन अधिसूचनेने ठरविते. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या जोडीला बैलाचे नाव घालण्यात आले. ज्याला आपण घरचा मानतो तो अशा रीतीने वनचरांच्या पंगतीत जाऊन बसला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती अवैध ठरविल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी झालेली नाही, हे त्या निर्णयाचे एक महत्त्वाचे सूत्र होते. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने नवी अधिसूचना काढून सवलत दिली, पण न्यायालयाने तिला लगोलग स्थगिती दिली. पुढील वर्षी जानेवारीत चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर लोटलेला जनसमुदाय सर्वांनी पाहिला. त्यानंतर तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तीन राज्यांनी आपापल्यापुरती केंद्रीय कायद्यात दुरुस्ती केली. महाराष्ट्राची दुरुस्ती २०१७ ची. तीत बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट ही नावे प्रत्यक्ष व्याख्येत आहेत. ती दुरुस्तीही मुंबई उच्च न्यायालयात अडकली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात अटींवर शर्यतींना मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे आम्हांस अशा व्यवस्थेचे गुणदोष थोडे अधिक दिसतात. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, धावपट्टी १००० मीटरांहून अधिक नको, पशुवैद्यकाची तपासणी हवी, बैलाला इजा झाल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कारावास, अशा तरतुदी आहेत. त्या चांगल्या आहेत आणि काटेकोरपणे पाळल्या तर पूर्वीच्या क्रौर्याला आळा बसेल. कागदावर जे मोजता येते ते कायद्याने मोजले. परंतु शर्यतीच्या व्याख्येत शेताचा उल्लेख नाही. हा बैल नांगराला जुंपला जातो काय, हे व्याख्येला विचारण्याचे कारण नाही. शिवाय ही मुभा राज्यापुरती आहे. वर्धा नदीच्या अलीकडे व पलीकडे एकाच जातीचा बैल आणि एकाच बोलीचा धुरकरी असला, तरी महाराष्ट्राची दुरुस्ती सीमेवरच थांबते.

आणि नेमक्या याच काळात शेतातून बैल निघून जात होता. २०१२ च्या पशुगणनेत देशात नर गोवंश सुमारे ६ कोटी ७९ लाख होता. २०१९ च्या गणनेत तो ४ कोटी ७४ लाखांवर आला. सात वर्षांत तीस टक्के घट! याच अवधीत मादी गोवंश मात्र वाढला. यावरून कारण स्पष्ट आहे. गाय दुधासाठी हवी आहे, गोऱ्हा कोणालाच नको आहे. ट्रॅक्टर एका दिवसात जेवढे रान नांगरतो तेवढ्यासाठी जोडीला आठवडा लागतो, आणि ट्रॅक्टरला वर्षभर वैरण घालावी लागत नाही. लहान शेतकऱ्याने हा हिशेब केला तर त्याला दोष कसा द्यावा? बंदी उठल्यानंतर मोठमोठ्या शर्यती पुन्हा भरल्या आणि त्यांत मोटारसायकली, मोटारी व ट्रॅक्टर ही बक्षिसे लागली. बैलाने धावून ट्रॅक्टर जिंकावा, म्हणजे आपल्याच जागी बसणारा घरी आणावा, यातील विसंगती कोणाला खटकल्याचे ऐकिवात नाही.

आज पटाचा बैल हा स्वतंत्र प्राणी झाला आहे. त्याला ढेप, सरकी, उडदाचा भरडा, दूध, अंडी असा खुराक मिळतो, मालिशवाले असतात, लाखोंनी किंमत होते. मानेला जुवाचा घट्टा मात्र नसतो. तो पोसण्याची ऐपत अल्पभूधारकात नाही, म्हणून पट हळूहळू पैसेवाल्यांच्या हौसेकडे व पुढाऱ्यांच्या वाढदिवसांकडे सरकत आहे. आरंभी सांगितलेल्या सेंट मॉरिट्झच्या बर्फावरील खेळाशी आता त्याचे साम्य अधिक दिसते. तो खेळ सुखवस्तूंच्या करमणुकीतून जन्मला, आपला त्या दिशेने चालला आहे. बंदीवाल्यांनी क्रौर्य पाहिले, समर्थकांनी परंपरा पाहिली. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. पण बैल मुळात कशासाठी होता, हा प्रश्न दोघांनीही पुरेशा गांभीर्याने विचारला नाही.

मग पट बंद व्हावा काय? आमचे मत तसे नाही. निकोप रीतीने चालणारा पट गावाला एकत्र आणतो आणि देशी गोऱ्ह्याला थोडीफार किंमत मिळवून देतो. मात्र तेवढ्याने वंश वाचेल, असे मानून स्वस्थ बसू नये. दोन-तीन एकरांच्या तुकड्यांत, डोंगरउतारावर, चिखलणीच्या धानात जेथे बैल आजही उपयोगी आहे, तेथे त्याच्या पालनाला साहाय्य मिळाले तर पटाला पुन्हा अर्थ येईल. जोडीने वर्षातून काही दिवस तरी शेतात काम केले असावे, अशी अट एखाद्या ग्रामसभेने स्वतःच्या पटाला घालून पाहावी. असा नियम गावाने केला तर तो कायद्यापेक्षा अधिक पाळला जाईल.

राहता राहिलो आपण, नांगराशी संबंध तुटून पिढ्या लोटलेली शहरवासी मंडळी. पोळ्याला आपण मातीचे बैल पूजतो, नागपूरकडून आलेल्या घरांतून तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी मिरवितात. ज्या प्राण्याची ही प्रतिमा, त्याची पारख करणारे शब्द आपल्या घरांतील वृद्धांच्या तोंडी अजून थोडेफार शिल्लक आहेत. गोऱ्हा आणि खोंड यांतील फरक, जू, शिवळ, जोते, वेसण, कासरा, रेंगी, छकडी, धुरकरी, तुतारी ही सारी शब्दसंपत्ती वस्तूंबरोबर नाहीशी होण्याच्या बेतात आहे. वर्धा, नागपूर, भंडारा, छिंदवाडा, बैतूलकडील ज्या वाचकांच्या घरी पटाच्या, जोड्यांच्या, बैलांच्या नावांच्या आठवणी असतील, त्यांनी त्या येत्या पोळ्यापूर्वी लिहून काढाव्यात व या पत्रिकेकडे पाठवाव्यात, अशी आमची विनंती आहे. बैलांना हाक मारण्याची नावे अगत्याने लिहावीत. राजा-सर्जा सर्वांना ठाऊक आहेत. उरलेली नावे केवळ त्या त्या घरालाच ठाऊक असतात.